तिसऱ्या मजल्यावरची माती

पंचमीच्या दिवशी दुपारी मंजुषा पारखीने तोच अर्ज चौथ्यांदा लिहिला, आणि या वेळी पेन इतकं दाबलं की 'विनंती' या शब्दावर कागदाला भोक पडलं.

अर्जात मागण्यासारखं फार काही नव्हतं. दुर्गापूजेसाठी तिची संशोधन संस्था षष्ठीपासून कोजागिरीच्या लक्ष्मीपूजेपर्यंत बंद राहणार होती. दोन वर्षांपूर्वी शहरात कुठल्याशा इमारतीला सुट्टीत आग लागली होती, तेव्हापासून इथे लांब सुट्टीत प्रत्येक मजल्याचा मेन स्विच बंद करायचा नियम झाला होता. मंजुषाचं म्हणणं एवढंच, की तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीचा एसी तेवढा चालू राहू द्या.

त्या खोलीत लोखंडी मांडण्यांवर एकशे चव्वेचाळीस काचेच्या बरण्या होत्या आणि प्रत्येक बरणीत पन्नास ग्रॅम माती. ही माती तिने स्वतः ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कॅनिंग स्टेशनच्या पुढच्या एका गावातून आणली होती, तुलसी मंडल नावाच्या बाईच्या शेतातून. मे महिन्याच्या शेवटी आलेल्या वादळात नदीचा बांध फुटला आणि तुलसीच्या खालच्या वावरात खारं पाणी अकरा दिवस उभं राहिलं. वरचं वावर वाचलं. निम्म्या बरण्यांत वरची माती होती, निम्म्यांत खालची. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ती घेऊन आली तेव्हा सियालदहच्या फलाटावर दोघा हमालांनी तिला मासे काय भावाने दिले म्हणून विचारलं होतं. माती आहे म्हटल्यावर त्यातला एक चक्क रागावला होता.

मातीतले जीवाणू शेणाचं, पाल्यापाचोळ्याचं, युरियाचं रूपांतर पिकाच्या मुळांना घेता येईल अशा अन्नात करतात. खारं पाणी घुसलं की त्यातले कितीतरी मरतात आणि उरलेले जीव मुठीत धरून बसतात. पुढे पावसाने मीठ धुऊन निघालं तरी ते लगेच कामाला लागतात असं नाही. ते पुन्हा कधी कामाला लागतात, हे मंजुषाला मोजायचं होतं. त्यासाठी खोलीचं तापमान नव्वद दिवस अठ्ठावीस अंश ठेवायचं, दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक बरणीतल्या मातीने किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते बघायचं, आणि दर दहाव्या दिवशी चिमूटभर माती काढून तिच्यात नायट्रेट किती तयार झालं ते तपासायचं. नायट्रेट म्हणजे पिकाच्या पानात वाढलेला घास. आज अठ्ठावन्नावा दिवस होता. खालच्या मातीत जवळजवळ दीड महिना काहीही घडलं नव्हतं, आणि पन्नासाव्या दिवशी पहिल्यांदा नायट्रेटचा आकडा किंचित वर सरकला होता. मंजुषाने त्या दिवशी तो आकडा तीनदा तपासला होता आणि घरी जाताना स्वतःलाच मिष्टी दोईचं, गोड दह्याचं मडकं घेऊन दिलं होतं.

आणि आता एसी बंद करणार म्हणे!

चौथा अर्ज घेऊन ती तळमजल्यावर अनीश हालदारांच्या टेबलाशी गेली. इमारत, वीज, पाणी, किल्ल्या हे सगळं त्यांच्याकडे. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, कमालीचे गोड गृहस्थ. त्यांनी आधीचे तीन अर्ज तितक्याच गोडीने परत केले होते.

"बसा मॅडम. चहा?"

"चहा नको अनीशबाबू. सही हवी."

अनीशबाबूंनी चष्मा लावला आणि अर्ज वाचला. त्यांचं हिंदी बंगाली वळणाचं आणि मंजुषाचं मराठी वळणाचं, तरी सहा वर्षांत दोघांना एकमेकांचं सगळं समजत असे. समजूनही उपयोग होत नसे, ती गोष्ट वेगळी.

"मॅडम, सवलत फक्त जिवंत प्राण्यांना आहे. हा बघा फॉर्म. उंदीर, ससे, मासे. दुसऱ्या मजल्यावर मासे आहेत, त्यांची लाइन चालू राहणार. तुमच्याकडे काय आहे?"

"माती आहे. आणि ती जिवंत आहे, हे मी तिसऱ्यांदा सांगतेय."

"जिवंत असेल तर मग या रकान्यात प्राण्याचं नाव लिहा. आणि इथे संख्या."

मंजुषाने फॉर्म ओढून घेतला. नावाच्या रकान्यात तिने लिहिलं 'बहुतांशी अज्ञात'. संख्येच्या रकान्यात मनाशी हिशेब करून लिहिलं 'सुमारे सात लाख वीस हजार कोटी'. आणि फॉर्म परत सरकवला.

अनीशबाबूंनी तो बराच वेळ पाहिला. मग हळुवारपणे म्हणाले, "हे असं नाही चालत मॅडम. ऑडिटवाले मला हसतील. तुम्ही असं करा, मासे लिहा."

"माझ्याकडे मासे नाहीत!"

"दोन आणून ठेवा."

मंजुषाला क्षणभर वाटलं की आता आपण किंचाळणार. ती किंचाळली नाही. नाशिकच्या पारखी मास्तरांची मुलगी ती. नुसती उठून उभी राहिली आणि दोन्ही हात टेबलावर टेकले. "अनीशबाबू, त्या खोलीत एक डीप फ्रीझर आहे, तो इमर्जन्सी लाइनवर आहे. त्याच्यात गेल्या दहा वर्षांतले नमुने पडलेत. त्यातलं काहीही जिवंत नाही. मेलेल्यांना वीज आहे आणि जिवंतांना नाही, हे तुम्हाला तरी पटतंय का?"

ते बहुधा पटलं असावं, कारण अनीशबाबूंनी चष्मा काढून ठेवला. मग खुर्चीतून उठले, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लिहून नाही देत. पण मी फाटकावरच्या मनोहरला सांगतो. तिसऱ्या मजल्याचा स्विच तो खाली पाडणार नाही. तुम्ही निश्चिंत घरी जा. पूजो आहे."

मंजुषा घरी गेली, पण निश्चिंत होऊन नाही.

*

साठावा दिवस सप्तमीला आला. त्या दुपारी मैत्रीण विनीताकडे मराठी मंडळींचं जेवण होतं. शहरातली दहा-बारा घरं दरवर्षी एकत्र जमत. नवऱ्याला, विहंगला, पुरणपोळीची ओढ जरा जास्तच.

"अगं, संध्याकाळी जा ना मोजायला," तो शर्टाला इस्त्री करता करता म्हणाला. "तुझे जीवाणू काय पळून जाणारेत?"

"संध्याकाळी रस्ते बंद. आणि तू तरी असलं बोलू नकोस, मला या महिन्यात हे खूप लोकांनी ऐकवलंय."

"बरं बाई. पोळ्या डब्यात घालून आणतो."

ती दीडला संस्थेच्या फाटकाशी पोचली. फाटकावर मनोहर होता, छपरा गावाकडचा, तिशीचा, कडक इस्त्रीच्या गणवेशातला माणूस. त्याने सलाम केला आणि सांगितलं, की तिसऱ्या मजल्याची किल्ली आपल्याकडे नाही.

"नेहमी तर तुमच्याकडेच असते."

"छुट्टीत सगळ्या किल्ल्या हालदारसाहेब घरी नेतात, मॅडमजी."

"बरं. स्विच तरी चालू आहे ना तिसऱ्या मजल्याचा?"

मनोहरने टोपी काढली आणि मान नकारार्थी हलवली.

झालं होतं ते असं. अनीशबाबूंनी मनोहरला सांगितलं होतं, खरंच सांगितलं होतं. पण षष्ठीला सकाळी दहा वाजता बाहेरच्या कंपनीचा इलेक्ट्रिशियन हातात यादी घेऊन आला. यादीत तिसरा मजला होता, खाली सही होती, शिक्का होता. मनोहर त्याला म्हणाला की साहेब नको म्हणालेत. इलेक्ट्रिशियन म्हणाला, लेखी दाखव. लेखी काही नव्हतं.

"साहेबांना फोन नाही केलात?"

"केला मॅडमजी. नऊ वेळा केला. पूजेचे ढाक-ढोल वाजत असणार तिकडे."

मंजुषानेही केला. पाच वेळा. उचलला कुणी नाही. मनोहरला पत्ता ठाऊक होता. हावड्याला शिबपूरमध्ये साहेबांच्या पाड्याची, म्हणजे मोहल्ल्याची पूजा, साहेब तिथले खजिनदार. मंजुषाने घड्याळ पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि निघाली.

एस्प्लनेडला मेट्रोच्या जिन्यावरच पंधरा मिनिटं गेली. नवे कपडे, नवे बूट, बुटांमुळे लंगडणारी माणसं आणि कडेवर झोपलेली पोरं. नदीखालून गाडी पलीकडे गेली. हावडा मैदानाहून बॅटरी-रिक्षाच्या टोटोवाल्याने तिला तीन ठिकाणी बांबूचे अडसर लागले म्हणून अर्ध्या वाटेत उतरवलं. उरलेलं ती चालली, प्रत्येक मंडपात खजिनदार हालदार आहेत का विचारत. दुसऱ्या एका मंडपाचेही खजिनदार हालदारच निघाले. त्यांनी तिला प्रेमाने बसवून सरबत दिलं, आणि ते हालदार वेगळे हे कळेपर्यंत आणखी दहा मिनिटं गेली.

खरे अनीशबाबू सापडले तेव्हा ते काठाच्या धोतरात, हातात मोठी पळी घेऊन पंगतीला खिचडी वाढत होते. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे मॅडम! या, या, भोग घ्या!"

"अनीशबाबू, वीज बंद आहे. कालपासून."

पळी हवेतच राहिली. "कसं शक्य आहे? मी सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलं होतं. लिहून दिलं नव्हतंत."

त्यांनी पळी शेजारच्याच्या हातात दिली. खिशातून फोन काढला, त्यावरचे चौदा न उचललेले फोन पाहिले, आणि पहिल्यांदाच मंजुषाला त्यांच्या चेहऱ्यावर गोडवा दिसला नाही. पण मंडपातल्या एका म्हाताऱ्या काकूंनी, कुणी उपाशी जाणार नाही, म्हणून दोघांना धरून बसवलंच. मंजुषाने रागारागाने खिचडी खाल्ली. भूक इतकी लागली होती की ती उत्तम लागली, आणि त्याचाही तिला राग आला.

पाच वाजता मेन स्विच वर गेला. एकतीस तास झाले होते. खोलीचं दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. डीप फ्रीझर मात्र इमानेइतबारे चालू होता. बंद खोलीत एकतीस तास तो स्वतःचं पोट थंड ठेवत होता आणि सगळी उष्णता बाहेर ओतत होता. वर गच्ची तापलेली, खिडक्या सील केलेल्या. भिंतीवरच्या छोट्या बॅटरीवरच्या यंत्राने दर दहा मिनिटांचं तापमान टिपून ठेवलं होतं. सगळ्यात जास्त आकडा होता एक्केचाळीस.

अनीशबाबूंनी बरण्यांकडे पाहिलं. काचेवर आतून घाम आला होता, एवढंच. "मेले का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"माहीत नाही," मंजुषा म्हणाली, आणि एप्रन चढवून पहिली बरणी उघडली.

*

सुट्टी संपल्यावर विभागप्रमुख डॉ. सेनगुप्तांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती. म्हणाले, "साठाव्या दिवसाचं वाचन गाळून टाक. सत्तावन्नावरून त्रेसष्टावर जा. एखादं वाचन राहतं सगळ्यांचं. कोण विचारतंय?"

"सर, वाचन राहिलेलं नाही. वाचन आहे. माती भाजली आहे."

"मंजुषा, अनुदानाचा आढावा डिसेंबरात आहे. तू समितीसमोर जाऊन सांगणार की कुणीतरी स्विच पाडला?"

"हो."

"मग तुझी मर्जी," असं म्हणून त्यांनी संगणकाकडे तोंड फिरवलं.

मर्जी कसली, वैताग! नव्वद दिवसांचा प्रयोग, महिनोन्महिने दर तिसऱ्या दिवशी एकशे चव्वेचाळीस झाकणं उघडायची, आणि शेवटी हातात काय, तर भाजलेल्या बरण्यांची रांग. विहंग म्हणाला, सोडून दे, नव्याने लाव. ती त्याच्यावरही खेकसली. पण नव्वद दिवस पुरे करायचे असं तिने ठरवलं, चिकाटीपेक्षा रागानेच.

वरच्या वावराच्या मातीने पहिले तीन दिवस दुपटीने कार्बन डायऑक्साइड सोडला, उन्हातून आलेला माणूस धापा टाकतो तसा. मग शांत झाली. सत्तराव्या दिवशी तिचं नायट्रेट जिथल्या तिथे आलं होतं. खालच्या मातीत मात्र पन्नासाव्या दिवशी सरकलेला तो आकडा पुन्हा जवळजवळ शून्यावर बसला. सत्तराव्या दिवशी तसाच. ऐंशीला तसाच. नव्वदाव्या दिवशी बारीकशी हालचाल दिसली, पण बहात्तरपैकी फक्त अकरा बरण्यांत. एकदा मिठाने झोडपलेली माती नुकती उठून बसत होती; तिला दुसरा धक्का सोसवला नव्हता. जो धक्का शेजारच्या मातीने आठवड्या-दीड आठवड्यात पचवला, त्याने हिला महिनाभर आडवं केलं होतं.

मंजुषाने त्या आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. असा प्रयोग तिने मुद्दाम कधी लावला नसता, आणि आता एका वेळच्या अपघातावर विसंबून छातीठोकपणे काही म्हणताही येत नव्हतं.

तेवढ्यात तुलसीचा फोन आला. तुलसी मंडल पंचेचाळीसची, नवरा केरळात बांधकामावर, शेत एकटी बघणारी. आवाज चढलेला.

"दीदी, शार कोबे देबो?"

खत कधी घालू? ऑगस्टमध्येही तिने हेच विचारलं होतं. चार गोण्या युरिया घरात येऊन पडला होता आणि दुकानदार म्हणत होता आत्ताच टाक.

"तुलसीदी, अजून नक्की नाही सांगता येत. प्रयोगात जरा गडबड झाली. परत लावते. फेब्रुवारीनंतर..."

"फेब्रुवारी?" तुलसी फोनवर ओरडली. "सूर्यफूल मी डिसेंबरात पेरणार! बांधवाले म्हणतात पुढच्या वर्षी बघू. पंचायतवाले म्हणतात यादी वर गेलीय, थांब. तू म्हणालीस पूजोनंतर सांगते, आता म्हणतेस फेब्रुवारी. दीदी, माती माझी नेलीस ना? मग मला काय ते सांग की!"

मंजुषाला कानाची पाळी तापल्यासारखं वाटलं. तळमजल्यावरच्या टेबलापलीकडे बसून, चहा विचारत, अनीशबाबूंसारखी आता तीच बोलत होती. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगते," ती म्हणाली. "चुकू शकतं, पण मला आज जे वाटतंय ते सांगते. खालच्या वावरात यंदा युरिया घालू नकोस. त्याचं अन्न करणारे तिथे अजून कामाला लागलेले नाहीत, तो निम्मा हवेत जाईल. कुजलेलं शेणखत असेल तेवढं घाल आणि भाताचा पेंढा वर पसर, म्हणजे ऊन थेट मातीला लागणार नाही. जमीन फार उलथीपालथी करू नकोस. युरिया वरच्या वावराला दे, तिथे तो लागू पडेल."

तुलसीने पलीकडे शेणखत, पेंढा असं मोजून घेतलं. "आणि चुकलं तर?"

"चुकलं तर मला येऊन बोल लाव."

"मी येणार नाही, तूच ये," तुलसी म्हणाली आणि फोन ठेवला.

*

डिसेंबरच्या आढाव्यात मंजुषाने तापमानाचा आलेख सगळ्यांसमोर पडद्यावर लावला. एकतीस तासांचा डोंगर त्यात स्पष्ट दिसत होता. समितीतल्या एकाने शेरा मारला की संशोधकाचं प्रयोगावर नियंत्रण नाही. दुसऱ्या एक बाई, पंतनगरहून आलेल्या, त्या डोंगराच्या पुढच्या आकड्यांवर बराच वेळ प्रश्न विचारत राहिल्या. अनुदान मागितलं त्याच्या निम्म्या काळासाठी वाढलं, आणि निम्म्या काळात निम्मं काम होईल असं मंजुषाने तिथेच सांगून टाकलं.

खोलीचा एसी जानेवारीत इमर्जन्सी लाइनवर आला. अनीशबाबू स्वतः शिडीखाली उभे होते. एक वायर इकडची तिकडे, वीस मिनिटांचं काम. मंजुषाने घड्याळ लावून पाहिलं आणि काही बोलली नाही, कारण बोलायला लागली असती तर वीस मिनिटांत आटोपलं नसतं.

त्या महिन्याच्या अखेरीला ती तुलसीच्या शेतावर गेली. वरच्या वावरात सूर्यफुलं कमरेएवढी, गर्द हिरवी. खालच्या वावरात गुडघ्यापर्यंत, पण पानं तजेलदार होती. मधल्या दोन ओळींच्या टोकाला तुलसीने लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवल्या होत्या.

"या दोन ओळींत मी युरिया टाकला," तुलसी म्हणाली. "तू नको म्हणालीस तरी. मला बघायचं होतं."

मंजुषा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली. चिंध्यांच्या ओळी आणि शेजारच्या ओळी यांत तिला काहीच फरक दिसेना. उंची तीच आणि रंगही तोच.

"फरक नाही," ती म्हणाली.

"नाही ना. मूठ मूठ टाकलेला फुकट गेला." तुलसीने नाक मुरडलं. "त्या दुकानदाराला आणून दाखवते आता."

मंजुषाने पिशवीतून खुरपी काढली आणि लाल चिंधीजवळ वाकली. दोन्ही ओळींतली माती तिला हवी होती. नव्या बरण्यांची पहिली रांग इथूनच सुरू करायची होती.

"ए दीदी!" तुलसी धावत आली. "मुळाशी कुठे खणतेस? इतके दिवस शिकलीस ना तू? सरक, दे इकडे ती खुरपी!"